एकाच मेंदूत पाच फुगे, त्यातला फुटला कोणता?

एका रुग्णाच्या मेंदूतल्या धमन्यांवर पाच ॲन्युरिझम, म्हणजे धमनीची कमकुवत भिंत बाहेर येऊन झालेले फुगे, होते. त्यातला एक फुटून रक्तस्राव झाला होता. नाव-गाव काढून टाकलेले त्याच्या डीएसएचे (धमनीत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमांचे) तीन त्रिमितीय संच होते: मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या बाजूच्या धमन्या, तशाच उजव्या बाजूच्या, आणि मागच्या भागाच्या. 2018 मध्ये हे संच जगभरातल्या संशोधक गटांना देण्यात आले. मुख्य प्रश्न एकच होता, यातला फुटलेला फुगा ओळखून दाखवा.

या उपक्रमाचं नाव ‘मॅच’, म्हणजे मल्टिपल ॲन्युरिझम्स ॲनाटॉमी चॅलेंज. त्याचा अहवाल लिहिणाऱ्यांत पहिलं नाव जर्मनीतल्या माग्डेबर्गच्या फिलिप बर्ग यांचं आहे. शाळेत हवेच्या दाबाच्या धड्यात घोडे जुंपूनही न सुटणारे दोन अर्धगोल भेटतात, ते याच माग्डेबर्गचे. तिथलं विद्यापीठ त्या प्रयोगकर्त्याच्या, ऑटो फॉन गेरिकेच्या नावाने चालतं.

मेंदूतला फुगा का फुटतो यावर शेकड्यांनी अभ्यास झाले आहेत. त्यातल्या बहुतेकांची रीत अशी: फुटलेले फुगे एका बाजूला, न फुटलेले दुसऱ्या बाजूला, आणि मग दोन्हींच्या आकारात आणि रक्तप्रवाहात काय फरक दिसतो ते पाहायचं. या रितीत एक मोठी अडचण आहे. फुटलेल्या गटातला माणूस सिगारेट ओढणारा असेल, न फुटलेल्यातला नसेल. एकाचं बीपी कायम चढलेलं, दुसऱ्याचं गोळ्यांनी ताब्यात. एकाच्या घरात आधी कुणाला हा आजार झालेला, दुसऱ्याच्या नाही. मग दिसलेला फरक फुग्याचा म्हणायचा की माणसाचा?

या रुग्णात ही अडचण उरत नाही. पाचही फुगे एकाच माणसाचे, त्यामुळे माणसाचं वय, रक्तदाब, रक्ताची घनता, व्यसनं आणि आनुवंशिकता एकच. तरी एक फुटला आणि चार टिकले. फरक असलाच तर तो फुग्याची जागा, त्याचा आकार, त्याच्यातून फिरणारं रक्त आणि त्या जागची भिंत यांतच असणार. म्हणून मला हे प्रकरण मोठमोठ्या आकडेवारीच्या अभ्यासांपेक्षाही जास्त बोलकं वाटतं.

फुगा होतो कुठे

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिसने 1664 च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं वर्तुळ. फुगे बहुतेक या कड्यावर किंवा त्याच्या आसपास होतात, आणि तेही जिथे एक धमनी दोन फांद्यांत फुटते तिथे. वरून वेगाने आलेली रक्ताची धार अशा फाट्याच्या टोकावर सरळ आदळते आणि दोन्हीकडे वळते. तिथल्या भिंतीचं आतलं लवचीक अस्तर झिजतं, स्नायूंचा थर विरळ होतो आणि भिंत बाहेर येऊ लागते.

प्रौढांमध्ये शंभरातल्या साधारण तिघांना असा फुगा असतो. बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. पण जो फुटतो तो मेंदूभोवतीच्या आवरणांमधल्या जागेत रक्त सोडतो. याला डॉक्टर एसएएच, म्हणजे सबॲरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात. काही सेकंदांत शिगेला पोचणारी डोकेदुखी, मान आखडणं, उलट्या, शुद्ध हरपणं. यात मरणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, आणि वाचलेल्यांतल्या अनेकांना स्मरण, बोलणं किंवा हात-पाय यांत कायमचं काहीतरी गमवावं लागतं.

फुगे असलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला किंवा त्याहून थोड्या जास्त लोकांना एकाहून अधिक फुगे असतात. म्हणजे ‘मॅच’मधला प्रश्न निव्वळ कोड्याचा नाही. रक्तस्राव होऊन दाखल झालेल्या अशा रुग्णात कोणता फुगा फुटला हे आधी ठरवावं लागतं, कारण फुटलेल्या फुग्यातून पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त असतो. सीटीत रक्त एका फुग्याभोवती साचलेलं दिसलं तर उत्तर मिळतं. ते सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर डॉक्टरला फुग्यांकडे पाहूनच अंदाज बांधावा लागतो. चुकीच्या फुग्यावर कॉइलिंग केलं, म्हणजे बारीक तारेची वेटोळी भरून तो बंद केला, तर खरा धोका जागच्या जागी राहतो.

सगळ्यात मोठ्याचा मोह

फुटलेला फुगा ओळखण्याच्या दुसऱ्या टप्प्यात सतरा गटांनी उत्तर दिलं. त्यातल्या सात गटांनी पाचांतला सगळ्यात मोठा फुगा निवडला. तो चुकीचा होता.

त्या गटांना दोष देता येणार नाही. आकारमानाची भीती आकडेवारीतूनच आलेली आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसयूआयए या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुढच्या भागातल्या, 7 मिमीपेक्षा लहान आणि आधी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांच्या फुग्यांमध्ये पाच वर्षांतलं फुटण्याचं प्रमाण शून्य निघालं. 7 ते 12 मिमीला 2.6 टक्के, 13 ते 24 मिमीला 14.5 टक्के आणि 25 मिमीच्या पुढे 40 टक्के. भौतिकशास्त्रही तेच सांगतं. दाब तोच राहून फुगा मोठा होत गेला तर भिंतीवरचा ताण वाढतो.

पण त्याच अभ्यासातली दुसरी ओळ वाचली की चित्र बदलतं. मेंदूच्या मागच्या भागातल्या आणि पोस्टीरियर कम्युनिकेटिंग धमनीवरच्या (पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणाऱ्या) 7 मिमीपेक्षा लहान फुग्यांना 2.5 टक्के धोका दिसला, आणि 7 ते 12 मिमीच्या फुग्यांना 14.5 टक्के. म्हणजे तिथला 8 मिमीचा फुगा पुढच्या भागातल्या 15 मिमीच्या फुग्याइतकाच धोक्याचा. जपानच्या यूकास अभ्यासाने 2012 मध्ये 5,720 रुग्णांतल्या 6,697 फुग्यांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यातही अँटीरियर आणि पोस्टीरियर कम्युनिकेटिंग धमन्यांवरचे फुगे मिडल सेरेब्रल या मेंदूच्या बाजूच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीवरच्या फुग्यांपेक्षा साधारण दुपटीने फुटत होते. फुग्याच्या अंगावर आणखी एक लहान फुगवटा असेल, ज्याला डॉक्टर डॉटर सॅक म्हणतात, तर धोका 1.63 पट होता.

थोडक्यात, मिलिमीटर मोजून भागत नाही. रुग्णालयात दाखल होणाऱ्या फुटलेल्या फुग्यांत लहान फुगे भरपूर असतात, कारण मुळात लहान फुग्यांची संख्याच अफाट आहे. एकेकट्या लहान फुग्याचा धोका कमी, पण सगळ्या मिळून रक्तस्रावांची संख्या मोठी. रुग्णाला हे समजावून सांगणं फार अवघड जातं.

रक्त भिंतीला काय करतं

वाहणारं रक्त भिंतीवर दोन प्रकारे जोर लावतं. एक दाब, भिंतीला काटकोनात बाहेर ढकलणारा. दुसरा वाहण्याच्या दिशेने भिंतीला घासत जाणारा ताण. या दुसऱ्याला वॉल शिअर स्ट्रेस म्हणतात; इथे नुसतं शिअर म्हणू. ‘मॅच’मध्ये बहुतेकांनी संगणकावर रक्तप्रवाहाचं गणित करून प्रवाहाच्या बाजूने हाच आकडा वापरला.

दोन्हींचं प्रमाण एकदा हिशेबाने पाहावं. 120 चं बीपी म्हणजे सुमारे 16,000 पास्कल. आता मानेतून मेंदूकडे जाणारी 4 मिमी व्यासाची इंटर्नल कॅरोटिड धमनी घ्या. तिच्यातून सेकंदाला साधारण 4 मिली रक्त जातं. सरळ नळीचं सूत्र लावलं तर शिअर निघतं जेमतेम 2.5 पास्कल. दाब त्याच्या सहा हजार पटींहून मोठा. फुग्याची भिंत 0.1 मिमी जाड आणि त्रिज्या 3 मिमी धरली तर दाबामुळे भिंतीच्या आत निर्माण होणारा ताण सुमारे 2,40,000 पास्कल येतो. अडीच पास्कलचं घासणं अशी भिंत फाडू शकत नाही, फाडतो तो दाबच. मग सगळं जग शिअर का मोजतं?

कारण भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावरच्या पेशींना ते जाणवतं. या एंडोथेलियल पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन मांडलेल्या असतात आणि शिअर ठरावीक पातळीला राहिलं तर शांत असतात. ते फार खाली गेलं, किंवा प्रत्येक ठोक्याला दिशा बदलू लागलं, तर पेशींचा आकार बिघडतो, त्या सूज आणणारी रसायनं सोडतात, पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, आणि त्यांच्यातून निघणारी विकरं भिंतीला बळकटी देणारं कोलॅजेन तोडू लागतात. भिंत फाडण्याचं काम दाब करतो. ती फाटण्याइतकी कमकुवत व्हावी की नाही, हे ठरण्यात प्रवाहाचा हात असतो.

इथपर्यंत बऱ्यापैकी एकमत आहे. वाद पुढे सुरू होतो. काही अभ्यासांत फुटलेल्या फुग्यांमध्ये शिअर कमी निघालं. बफेलो विद्यापीठातल्या गटाने 2011 मध्ये 119 फुग्यांवर हेच दाखवलं. त्याच वर्षी हुआन सेब्राल आणि सहकाऱ्यांनी 210 फुग्यांवरून सांगितलं की फुटलेल्या फुग्यांत आत शिरणारी धार अरुंद आणि एकवटलेली असते आणि भिंतीवर आदळते तिथलं शिअर जास्त असतं. एक गट म्हणतो कमी शिअर घातक, दुसरा म्हणतो जास्त. वाचणारा डॉक्टर वैतागला तर नवल नाही.

बफेलोच्याच हुई मेंग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दोन्ही निकाल एका विचारात बसवायचा प्रयत्न केला. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ जोराच्या धारेने खचतो आणि आतल्या बाजूला, जिथे पाणी मंद फिरतं, तिथे गाळ साचतो. फुग्यातही दोन वेगळ्या जागी दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. धार जिथे आदळते तिथे भिंतीतल्या स्नायूपेशी स्वतःच मॅट्रिक्स, म्हणजे पेशींना धरून ठेवणारी जाळी, तोडणारी विकरं सोडतात आणि मरतात. तिथे भिंत पातळ, पारदर्शक होते. असे फुगे लहान असतानाही फुटू शकतात. जिथे रक्त रेंगाळतं तिथे सूज येते, चरबी साठते, गुठळ्या चिकटतात. भिंत जाड पण सडलेली होते, आणि फुगा मोठा होत जातो. एकाच फुग्याच्या दोन बाजूंना या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असू शकतात, असं त्यांचं म्हणणं.

हा सिद्धांत अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही. पण तो मान्य केला तर एक परिणाम टाळता येत नाही: पूर्ण फुग्याचं सरासरी शिअर काढून ‘कमी आहे’ किंवा ‘जास्त आहे’ असा निकाल देणं अपुरं आहे. ‘मॅच’मधल्या अनेक गटांना नेमकं हेच नडलं असावं, असा माझा कयास आहे.

आकार आणि प्रवाह वेगळे काढता येत नाहीत

आकारासाठी सर्वांत जास्त वापरला गेलेला आकडा म्हणजे ॲस्पेक्ट रेशो. फुग्याची उंची भागिले मानेची रुंदी. मान म्हणजे फुगा मूळ धमनीला जिथे जोडलेला असतो ते तोंड. 1990 च्या दशकाच्या शेवटी जपानमधल्या उजिए आणि सहकाऱ्यांनी 1.6 ही सीमा सुचवली. त्याच्या वर गेलेले फुगे फुटलेल्यांमध्ये जास्त सापडत. कारण प्रवाहातच आहे. तोंड अरुंद आणि पोट उंच असेल तर आत गेलेलं रक्त घुमटाच्या टोकापर्यंत जोराने पोचत नाही, तिथे दुसरा मंद भोवरा तयार होतो, आणि शिअर तळाला जातं.

दुसरा आकडा साइज रेशो. फुग्याची उंची भागिले मूळ धमनीचा व्यास. 5 मिमीचा फुगा 4 मिमीच्या कॅरोटिडवर असला तर किरकोळ, 2 मिमीच्या अँटीरियर कम्युनिकेटिंगवर असला तर मोठा. लहान धमन्यांवरचे फुगे लहान असतानाच का फुटतात, याचं उत्तर यात थोडंफार मिळतं. याशिवाय पृष्ठभाग किती खड्डे-उंचवट्यांचा आहे, फुगा गोलापासून किती दूर गेला आहे, याचेही निर्देशांक आहेत.

सतरापैकी बारा गटांनी आकार आणि प्रवाह दोन्ही विचारात घेतले. आकाराच्या बाजूने ॲस्पेक्ट रेशो आणि प्रवाहाच्या बाजूने शिअर हेच सगळ्यात लोकप्रिय होते. साधनं सगळ्यांकडे होती, गणिताची मांडणीही बऱ्यापैकी सारखी होती.

निकाल असा. चार गटांनी फुटलेला फुगा बरोबर ओळखला, म्हणजे 24 टक्के. आणखी तीन गटांनी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. सात गट मोठ्या फुग्यावर गेले, हे वर आलंच आहे.

आता हे आकडे चिठ्ठ्या टाकण्याशी ताडून पाहा. पाच फुग्यांतून डोळे मिटून एक निवडला तर बरोबर येण्याची शक्यता 20 टक्के. पहिल्या दोनांत येण्याची 40 टक्के. गटांचं पहिल्या दोनांतलं यश सतरापैकी सात, म्हणजे 41 टक्के. संगणक, त्रिमितीय जाळी, नाडीच्या प्रत्येक ठोक्याचं गणित, आणि एकूण यश चिठ्ठ्यांच्या आसपास.

यावरून ‘प्रवाहाचं गणित निरुपयोगी’ असा निष्कर्ष कुणी काढला तर मी त्याला विरोध करीन. रुग्ण एकच आहे. सगळे गट एकाच प्रतिमेवर काम करत होते, त्यामुळे सात जणांनी एकच चूक करणं हे सात स्वतंत्र पुरावे होत नाहीत. आणि जे चार बरोबर आले ते कसे आले, हे पाहिलं तर त्यात नशीब सोडून बरंच काही दिसतं. काहींनी फुग्याच्या जागेला वजन दिलं, म्हणजे डॉक्टर ज्या गोष्टीकडे आधी पाहतात तिच्याकडे. काहींनी एका आकड्यावर विसंबण्याऐवजी अनेक घटक एकत्र करून शक्यता काढणारी प्रारूपं वापरली. आणि काहींनी शिअरच्या सरासरीऐवजी प्रवाहाची घडण पाहिली: आत शिरणारी धार किती जोराची आणि किती एकवटलेली, आत भोवरे किती. नुसतं ‘सर्वांत मोठा’ किंवा ‘शिअर सर्वांत कमी’ या एकाच निकषाने जे मिळालं नाही, ते या तीन वाटांनी मिळालं.

मानेपाशी झालेली चूक

उपक्रमाच्या पहिल्या टप्प्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यात 26 गटांना फक्त एवढंच करायचं होतं: डीएसएच्या प्रतिमेतून धमनीची आणि फुग्याची आतली सीमा आखायची. याला सेग्मेंटेशन म्हणतात. प्रवाहाचं गणित यानंतर सुरू होतं.

प्रतिमा सगळ्यांना एकच दिलेली. तरी फुग्यांच्या घनफळात गटागटांत 20 टक्क्यांपर्यंत फरक पडला, तोंडाच्या क्षेत्रफळात 30 टक्क्यांपर्यंत, आणि पृष्ठभागाच्या खडबडीतपणासारख्या निर्देशांकांत 25 टक्क्यांपर्यंत. कोणतं सॉफ्टवेअर वापरावं यावरही एकमत नव्हतं. जास्त रिझोल्यूशनच्या द्विमितीय प्रतिमेशी ताडलं तेव्हा दिसलं की सगळ्यांची त्रिमितीय प्रतिकृती पद्धतशीरपणे सुमारे 10 टक्क्यांनी फुगलेली आहे. आणि फुटलेल्या फुग्याची मान एक गट सोडून सगळ्यांनी खऱ्यापेक्षा रुंद दाखवली होती.

शेवटच्या ओळीचा अर्थ हिशेबाने पाहू. समजा एका फुग्याची उंची 6 मिमी आणि मान 3.6 मिमी आहे. ॲस्पेक्ट रेशो 1.67, धोक्याच्या रेषेच्या वर. सेग्मेंटेशनमध्ये मान 4.2 मिमी आली तर तोच रेशो 1.43 होतो. फुगा सुरक्षित रकान्यात जाऊन बसतो. रुग्णात काही बदललेलं नाही, फक्त संगणकावर राखाडी छटेचा उंबरठा कुणीतरी थोडा इकडचा तिकडे ठेवला.

प्रवाहातही तेच. शिअर त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. वरच्या कॅरोटिडची त्रिज्या 2 मिमीऐवजी 2.2 मिमी धरली, प्रवाह तोच ठेवला, तर 2.5 पास्कलचे 1.9 होतात. त्रिज्येतली 10 टक्क्यांची चूक शिअरमध्ये पाव हिश्श्याची होते. शिवाय मान रुंद आखली की आत शिरणारी धार पसरट होते, तिचा वेग उतरतो, आणि जी एकवटलेली धार धोक्याची खूण मानली जाते तीच पुसट होते. म्हणजे पाच फुग्यांतला जो खरा गुन्हेगार, त्याच्याच चेहऱ्यावरची खूण आखणीच्या वेळी झाकली गेली होती. पुढचं गणित कितीही बारकाईने केलं तरी ही खूण परत येत नाही.

उपचाराच्या दृष्टीनेही मान नाजूक जागा आहे. 4 मिमी किंवा त्याहून रुंद मानेचा, किंवा घुमटाची रुंदी मानेच्या दुपटीपेक्षा कमी असलेला फुगा साधारणपणे ‘वाइड नेक’ धरला जातो. अशा फुग्यात नुसती कॉइल बऱ्याचदा जागेवर राहत नाही. मग स्टेंटचा आधार घेण्याचा विचार येतो. स्टेंट आला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या आल्या. नुकता रक्तस्राव झालेल्या रुग्णाला त्या देणं म्हणजे डॉक्टरची कसोटी. अनुभवी हात अर्थातच द्विमितीय डीएसएत वेगवेगळ्या कोनांतून मान स्वतः पाहतो, फक्त त्रिमितीय चित्रावर जात नाही. ‘मॅच’ने त्या सवयीला मोजमापाचा आधार दिला.

बाकीची गृहीतकं मी भराभर सांगतो. या गणितांमध्ये बहुधा भिंत कडक धरलेली असते, प्रत्यक्षात ती प्रत्येक ठोक्याला हलते. आत येणारं रक्त किती, हे बहुतेक वेळा त्या रुग्णात मोजलेलं नसतं, पुस्तकातून घेतलेलं असतं. आणि ज्या गोष्टीवर फुटणं थेट अवलंबून आहे ती भिंतीची जाडी डीएसएत दिसतच नाही. डीएसए रक्त दाखवते, भिंत नाही. यावर आणखी एक भर: फुटल्यानंतर फुग्याचा आकार बदलू शकतो. म्हणजे आपण ज्याला फुटण्याआधीचं लक्षण म्हणतो ते फुटण्याचा परिणामही असू शकतं. ‘मॅच’मधला फुगाही फुटल्यानंतरचाच होता, तेव्हा ही शंका त्यालाही लागू होते. 2012 मध्ये डेव्हिड कॅल्म्स या रेडिओलॉजिस्टने याच सगळ्यावर कडक संपादकीय लिहिलं होतं. सीएफडी या आद्याक्षरांचा अर्थ प्रवाहाचं गणित की गोंधळ वाढवणाऱ्या घटकांचा प्रसार, असं त्याच्या मथळ्यातच विचारलेलं होतं. चिडून लिहिलेलं असलं तरी त्यातले प्रश्न रास्त होते.

हातात रिपोर्ट असलेल्यासाठी

डोकं दुखतं म्हणून एमआरआय केला आणि त्यात ‘4 मिमीचा ॲन्युरिझम’ निघाला, असे लोक आपल्याकडेही आता बरेच भेटतात. त्यांना पहिला धक्का बसतो आणि दुसऱ्या क्षणी ते इंटरनेटवर लाल-निळ्या रंगांत रंगवलेले फुगे पाहू लागतात. त्यांच्यासाठी थोडं नेमकं लिहितो.

धोका ठरवताना सर्वांत जास्त वापरला जाणारा स्कोअर म्हणजे 2014 चा फेजेस. सहा अभ्यासांतल्या 8,382 लोकांवरून तो तयार झाला. त्यात कोणत्या लोकसमूहातला माणूस, बीपी, वय, फुग्याचं आकारमान, आधीचा रक्तस्राव आणि जागा एवढंच आहे. फुग्याचा आकार कसा वेडावाकडा आहे, हे त्यात नाही. प्रवाह नाही. सिगारेटही नाही. सत्तरीच्या आतल्या, बीपी वगैरे नसलेल्या माणसाच्या कॅरोटिडवरच्या 7 मिमीपेक्षा लहान फुग्याला पाच वर्षांत 0.25 टक्के, तर सत्तरीपुढच्या, बीपी असलेल्या, आधी रक्तस्राव झालेल्या माणसाच्या मागच्या भागातल्या 20 मिमीपुढच्या फुग्याला 15 टक्क्यांहून जास्त, असा त्याचा पल्ला आहे. लोकसमूहाचे रकाने तीनच: एक उत्तर अमेरिका आणि युरोप (फिनलंड वगळून), दुसरा जपान, तिसरा फिनलंड. पहिल्या रकान्याच्या तुलनेत जपानी लोकांना धोका 2.8 पट, फिनिश लोकांना 3.6 पट निघाला. भारताचा रकाना नाही. आपल्या रुग्णाला कोणत्या रकान्यात टाकायचं, हे डॉक्टरला स्वतःच्या अंदाजानेच ठरवावं लागतं, आणि तो अंदाज आहे हे रुग्णाला सांगितलं जायला हवं.

2017 च्या इलॅप्स स्कोअरमध्ये आकाराचा वेडेवाकडेपणा आला. तो फुगा वाढेल का हे सांगतो, फुटेल का हे थेट नाही. पण वाढणारा फुगा न वाढणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, म्हणून त्याचा उपयोग आहे. प्रवाहाचा आकडा या दोन्ही स्कोअरमध्ये नाही. ‘मॅच’चा निकाल पाहता, आज तो तिथे नसणं मला योग्यच वाटतं. मोजमाप स्थिर झाल्याशिवाय त्यावर ऑपरेशनचा निर्णय टांगता येत नाही.

म्हणून रिपोर्ट घेऊन न्यूरोसर्जनकडे किंवा इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्टकडे गेलात तर मिलिमीटरच्या पुढचे प्रश्न विचारा. फुगा नेमका कोणत्या धमनीवर आहे? मूळ धमनीच्या मानाने केवढा आहे? त्याच्यावर आणखी फुगवटा आहे का, की पृष्ठभाग गुळगुळीत आहे? मान मोजली ती कोणत्या प्रतिमेवर? आधीची एखादी प्रतिमा असली तर तिच्याशी तुलना केली का? लक्ष ठेवायचं ठरलं तर पुढची तपासणी कधी, आणि ती याच पद्धतीने, शक्यतो याच केंद्रात होईल का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण एकाच प्रतिमेवर 26 गटांच्या घनफळात 20 टक्क्यांचा फरक पडत असेल, तर दोन वेगळ्या मशीनवरच्या, दोन वेगळ्या हातांनी मोजलेल्या 4.0 आणि 4.4 मिमीमध्ये फुगा वाढला की मोजणी बदलली, हे कुणालाच सांगता येणार नाही. सिगारेट तंबाखू बंद करणं आणि बीपी ताब्यात आणणं मात्र पुढच्या स्कॅनची वाट न पाहता आजपासून सुरू करता येतं. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी दोघा किंवा अधिक जणांना हा आजार झाला असेल तर बाकीच्यांच्या तपासणीचा विषय त्याच भेटीत काढा.